सहा सुपाऱ्या, एक बिब्बा

इंदापुरात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची ही गोष्ट. साल एक्क्याण्णव ते पंच्याण्णव. दुकान म्हणजे काय, वर चार पत्रे, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि मी. पण जागा अशी मोक्याची की डाव्या हाताला पेठ दिसायची आणि उजव्या हाताला झुंबरचा बोळ. बोळातनं कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे मला पंक्चर काढता काढता कळायचं. बायकोनं मला जन्मभर त्यावरून बोल लावले, पण ज्याला डोळे आहेत त्यानं ते मिटून कशाला बसायचं?

झुंबर कवळ्या करायचा. दातांच्या कवळ्या. डॉक्टरकीचा कागद त्याच्याजवळ नव्हता. तो लासुर्ण्याच्या मेंढरंवाल्याचं पोर. पण दात ही गोष्ट त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मेंढरू विकत घेताना त्याचे ओठ उघडून वय बघतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग आठही दात येऊन जुळलेलं. झुंबर सात वर्षांचा असताना बापाबरोबर बारामतीच्या बाजारात गेला होता. एक व्यापारी म्हातारी मेंढी चारदाती म्हणून खपवत होता. पोरानं तिच्या तोंडात बोट घातलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, ‘‘हिचं म्होरलं दोन हलत्यात.’’ व्यापाऱ्यानं त्याच्या अशी कानशिलात दिली की झुंबरचाच एक दुधाचा दात पडला. हे तो स्वतः सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

पुढं मेंढरं गेली. झुंबर बारामतीत एका जुन्या कारागिराकडं राहिला. आधी बारा महिने नुसतं गिऱ्हाइकाला थुंकायला चिलमची धरणं, मग माप घेणं, मेण ओतणं, दात बसवणं, घासणं. ते सगळं अंगात मुरल्यावर इंदापुरात येऊन त्यानं पाटी लावली, ‘झुंबर दंतालय, कवळी बसवून मिळेल’. हात असा की काय सांगू. धोंडाबाई नावाची एक म्हातारी दहा-बारा वर्षं भाकरी दुधात कुस्करून गिळत होती. कवळी बसली तशी ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, आता मला ऊस आणून द्या. झुंबरनं तिला हात जोडले. उसाचं नाव काढू नका, आजी, कणीस मागा.

माणूस एवढा गुणी, पण त्याच्या मनात एक किडा होता. त्याला मंडळात जायचं होतं.

हे मंडळ काय, ते सांगायला पाहिजे. इंदापुरात तेव्हा ‘स्नेहबंधू मंडळ’ होतं. सातच सभासद. आबासाहेब वकील अध्यक्ष. बाकी एक डॉक्टर, एक कालव्यावरचे इंजिनिअर, एक हेडमास्तर, साखर कारखान्यातले एक केमिस्ट, एक मेडिकल दुकानवाले आणि एक करसल्लागार. ज्याची स्वतःच्या विद्येवर चूल पेटते तोच तिथं बसायचा. एकमेकांना ‘बंधू’ म्हणायचे. आपलं नाव कुणी घेतलं तर साधं, आणि मंडळातल्या माणसाचं घेतलं तर मागं ‘बंधू’ लागून. डॉक्टरबंधू, मास्तरबंधू. एका बंधूच्या घरी मयत झालं तर बाकीचे सहा आधी हजर. एका बंधूचं काम अडलं तर बाकीच्यांची ओळख त्याच्या खिशात.

मंडळ आबासाहेबांच्या वडिलांनी काढलेलं. ते तरुणपणी पुण्याला लष्करात एका गोऱ्या साहेबाकडं कारकून होते. तिथं गोऱ्यांच्या गुप्त मंडळाचं लॉज होतं, लोक त्याला जादूघर म्हणायचे. आत काय चालतं ते बाहेर कळत नसे. पण साहेबाचं सामान उचलता उचलता वडिलांना एवढं कळलं की नवा माणूस आत घ्यायचा तर एका पेटीत गोट्या टाकतात. पांढरी म्हणजे घ्या, काळी म्हणजे नको. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद. इंदापुरात येऊन त्यांनी तीच रीत बसवली, फक्त गोट्यांच्या जागी आपल्या किराणा दुकानातल्या वस्तू आल्या. पांढऱ्या गोटीला सुपारी, काळ्या गोटीला बिब्बा.

निवड अक्षय्यतृतीयेला भर दुपारी, आबासाहेबांच्या ओसरीवर. ज्याला आत यायचंय त्यानं सात सुपाऱ्या आणि सात बिब्बे दोन ताटल्यांत घालून आणायचे. त्या ताटल्या फडक्यानं झाकून आणि एक तांब्याचा गडू आतल्या खोलीत ठेवायचे. एकेक बंधू आत जाई, कडी लावी, ताटलीत किती उरले ते दिसू नये म्हणून फडक्याखालूनच चाचपून सुपारी नाहीतर बिब्बा उचलून गडूत टाकी आणि बाहेर येई. शेवटी अध्यक्ष आत जात, आपलं मत टाकत, गडूच्या तोंडाला लाल फडकं बांधत आणि बाहेर आणून त्या माणसापुढं ठेवत. फडकं त्यानंच सोडायचं आणि गडू त्यानंच परातीत उपडा करायचा. आपला निकाल आपल्या हातानं. आणि ह्या सगळ्याच्या वर आणखी एक रीत होती. निकाल काहीही लागो, त्या दिवशीचं सातही जणांचं आमरस-पुरणपोळीचं जेवण त्या माणसाच्या घरून तिथं ओसरीवर यायचं.

झुंबरच्या नावाची सूचना खुद्द आबासाहेबांनीच केली. म्हणाले, अरे, तू पण विद्येवरच जगतोस, अर्ज कर. झुंबर त्या दिवशी माझ्या दुकानात आला. माझ्या पंपावर हात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, हवा भरायची का? तर म्हणाला, ‘‘तात्याबा, मला वकीलसाहेबांनी आपला म्हनलं.’’

ब्याण्णवची अक्षय्यतृतीया. गोजरबाई, म्हणजे झुंबरची बायको, पहाटेपासून पाट्यावर पुरण वाटत होती. मीही ताटं उचलायला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. झुंबरनं फडकं सोडलं, गडू उपडा केला. परातीत टप टप टप सहा सुपाऱ्या पडल्या आणि मागनं एक बिब्बा. बिब्बा तो, घरंगळत गेला आणि परातीच्या कडेला जाऊन टेकला. आबासाहेबांनी झुंबरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मग सगळे हात धुऊन पाटावर बसले. गोजरबाईनं वाढलं. सातांतल्या तिघांच्या तोंडात झुंबरच्याच कवळ्या. त्या कवळ्यांनी त्यांनी तिच्या पोळ्या खाल्ल्या, आणि पोळी मऊ झाली म्हणून तिचं कौतुकही केलं. मला तर हसू आवरेना, मी रसाचं पातेलं उचलायच्या निमित्तानं परड्यात गेलो.

झुंबर मात्र येताना खुशीत. म्हणाला, ‘‘सहा तर आपले हायेत का न्हाय? एकाचंच काय त्ये.’’

त्या दिवसापासून त्याला दोन कामं झाली. एक, सहा जणांच्या उपकाराखाली वाकणं. दोन, सातवा कोण ते शोधणं. आधी त्याला डॉक्टरांचा संशय. कवळीवाला शेजारी बसला तर डॉक्टराला कमीपणा, म्हणून तेच असणार. तर नेमके डॉक्टरच त्याला रस्त्यात थांबून रामराम घालायला लागले. मग इंजिनिअरांचा संशय. तर इंजिनिअरांनी त्याच्या म्हातारीला जीपमधनं लासुर्ण्याला पोचवलं. मग मास्तर. तर मास्तरांनी त्याच्या मुलीला, योगिनीला, वर्गात पुढच्या बाकावर बसवलं. जो तो झुंबरशी गोड. झुंबर माझ्याकडं येऊन डोकं धरून बसायचा. एवढ्या चांगल्या माणसांत तो एक कुठं दडलाय?

आणि राबायचा किती! मंडळ खेड्यापाड्यांत दातांची फुकट शिबिरं घ्यायचं. कापडी फलक मंडळाचा, भाषण आबासाहेबांचं, नारळ डॉक्टरांच्या हातचा, आणि उन्हात सतरंजीवर बसून शंभर-दीडशे तोंडं तपासायची झुंबरनं. किडलेला दात ओळखायचा त्यानं, मापं घ्यायची त्यानं, म्हाताऱ्यांच्या थुंक्या पुसायच्या त्यानं. एका शिबिराचा फोटो बारामतीच्या साप्ताहिकात आला. सातही बंधू ओळीत उभे. पुढं खुर्चीवर एक म्हातारा तोंड वासून बसलेला, आणि त्याच्या हनुवटीखाली एक हात. नुसता हात. मनगटापुढचा माणूस कापलेला. झुंबरनं तो फोटो काचेत लावला आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, ह्यो हात माझा.

त्र्याण्णवला पुन्हा तेच. सहा सुपाऱ्या, एक बिब्बा, पुरणपोळी.

चौऱ्याण्णवला अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी गोजरबाई माझ्या दुकानात आली. सीटचं कातडं शिवायचं माझं दाभण होतं, ते तिनं मागितलं. मी विचारलं, गोणपाट शिवायचंय का? ती म्हणाली, ‘‘बिब्बं टोचायचंत.’’

आता बिब्बा काय चीज आहे ते मेंढरंवाल्याच्या लेकीला शिकवावं लागत नाही. मेंढराच्या खुराला, माणसाच्या टाचेच्या भेगेला बिब्ब्याचं तेल लावतात. पण टेंभा धरल्यागत जपून. ते तेल जिथं नको तिथं लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी उतते, फोड येतो, पाणी सुटतं आणि डाग काळा पडतो. अख्ख्या बिब्ब्याला हात लावला तर सहसा काही होत नाही, तेल आत असतं. गोजरबाईनं हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं, सातही बिब्बे दाभणानं टोचले आणि एकमेकांवर घोळवून ताटलीत ठेवले. बिब्बा मुळातच काळा आणि चकचकीत. कुणाला काय दिसतंय? सुपाऱ्यांची ताटली तिनं वेगळ्या फडक्यात बांधली. झुंबरला ह्यातलं काही सांगितलं नाही. तो आडवा आला असता.

मला ती एवढंच म्हणाली, ‘‘दोन वरसं मी पुरान वाटलं, ह्ये तिसरं. येकाचं तरी बोट मला दिसूं द्या.’’

निकाल तोच. सहा आणि एक. जेवणं झाली. झुंबर तिसऱ्यांदा हसत हसत घरी आला आणि आम्ही, म्हणजे मी आणि गोजरबाई, बोटं उतायची वाट बघत बसलो.

गोजरबाईच्या हातचा तिळाचा आणि लोण्याचा लेप त्या भागात नावाजलेला. बिब्बा उतला की लोक तिच्याकडंच येत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोच मेडिकलवाले बोळातनं आत शिरताना दिसले. पुढच्या दारानं नाही, परसदारानं. मी हातातली ट्यूब तशीच घमेल्यात सोडली आणि झुंबरच्या दुकानात गेलो. दुकान आणि परसाच्या मध्ये एक पडदा होता, झुंबर त्याच्या अलीकडं कवळी घासत होता. मी त्याला खूण केली आणि कानात दाभणाची सगळी हकिगत सांगितली. त्याचा चेहरा असा पांढरा पडला. मग पडद्यापलीकडनं मेडिकलवाल्यांचा आवाज आला. दुकानात कसलीशी बाटली फुटली आणि बोटावर सांडली, असं ते सांगत होते. अंगठा आणि पहिलं बोट.

झुंबरनं माझा दंड धरला. सापडला! दोन वर्षं ज्याच्यापायी झोप नाही तो सापडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं. म्हणाला, एकच हुता बघ, मी म्हनत हुतो का न्हाय, बाकी सहा आपलंच.

दुपारच्या आत इंजिनिअर आले. जीपच्या बॅटरीचं पाणी उडालं म्हणे. अंगठा आणि पहिलं बोट.

झुंबरनं माझा दंड सोडला.

चौथ्या दिवशी मास्तर आले. त्यांनी प्रयोगशाळेतल्या तेजाबाचं नाव घेतलं. त्यांच्या पाठोपाठ केमिस्ट, त्यांना कळीचा चुना लागला होता. डॉक्टर आले ते रुमालात हात लपवून. स्वतःच्या दवाखान्यातली सगळी मलमं लावून झाली होती. ते म्हणाले स्पिरिटच्या दिव्यानं भाजलं. गोजरबाई प्रत्येकाला पाटावर बसवायची, बोट हातात घ्यायची आणि मोठ्या काळजीनं विचारायची. भाजल्याचा डाग तांबडा असतो आणि ह्यो काळा कसा, सायेब? मग तो माणूस आणखी एक थाप मारायचा. मी पडद्याआड तोंडात फडकं कोंबून बसलो होतो. करसल्लागार आले तेव्हा तर कमालच झाली. त्यांनी बिब्बा टाकल्यावर हात न धुताच कुठंतरी खाजवलं होतं. कुठं, ते मी लिहीत नाही. ते आठ दिवस लुंगीवर हिंडले आणि त्यांनी लेप वाटीत घालून मागून नेला, एवढं पुरे.

माझं असं चाललेलं, आणि शेजारी झुंबर मोजत होता. दोन. तीन. चार. तोंडानं नाही. कवळीसाठी आणलेले सुटे दात तो एकेक करून पाटीवर मांडत होता. सहा झाले तेव्हा तो पुटपुटला, ‘‘वकीलसाहेब ऱ्हायलं. त्ये आपलं.’’

आता ह्यात मौज अशी, की त्या सहांतल्या एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. परातीत दर वर्षी बिब्बा एकच पडायचा. तेव्हा ज्याला त्याला वाटायचं, तो माझाच. बाकीच्यांनी सुपारी टाकली, झुंबरला आडवा गेलो तो मी एकटा. म्हणून तर त्याला रस्त्यात थांबून रामराम, म्हणून जीप, म्हणून पुढचा बाक. लाज वाटायची हो माणसांना! पण मग बाकीचे बिब्बे जायचे कुठं?

ते पाचव्या दिवशी कळलं. आबासाहेब आले, तेही परसदारानं. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. गोजरबाईनं उपरणं सोडलं. बाकीच्यांची दोन-दोन बोटं पोळली होती. ह्यांचा अख्खा तळहात उतलेला. मुठीत निखारे धरल्यासारखा.

‘‘कशानं भाजलं, वकीलसाहेब?’’

‘‘बिब्ब्यानं,’’ आबासाहेब म्हणाले. थाप मारली नाही त्यांनी, एवढं मात्र खरं.

‘‘येका बिब्ब्यानं येवढं?’’

‘‘सात होते. सहा मी काढून घेतले आणि तेवढ्या सुपाऱ्या टाकल्या. सातवा माझा, तो राहू दिला.’’

‘‘तिन्ही साली?’’

‘‘तिन्ही.’’

गोजरबाईच्या हातात लेपाची वाटी होती. तिनं विचारलं, काढलं कशाला मग? आणि आबासाहेब अगदी शांतपणे, कोर्टात सांगावं तसं म्हणाले, ‘‘सात बघितले असते तर तो दुसऱ्या वर्षी आलाच नसता. एक बघितला की माणूस टिकून राहतो. शिबिरं कुणी केली असती, गोजरबाई?’’

ती वाटी काठोकाठ भरलेली होती. त्यांना दिसत होती. गोजरबाई म्हणाली, ‘‘लेप संपला.’’ आबासाहेबांनी मान हलवली, हातावर उपरणं गुंडाळलं आणि ज्या दारानं आले त्या दारानं गेले. त्या हातानं त्यांना पुढं सहा महिने सही करता आली नाही, कारकून अंगठा घ्यायचा. मी तो अंगठा बघायला मुद्दाम कोर्टात गेलो होतो.

मला वाटलं, आता झुंबर उठेल, काठी घेईल, निदान शिव्या तरी देईल. गोजरबाई पडदा सारून आत आली ती ह्याच तयारीनं. तर झुंबर सातवा दात हातात घेऊन बसलेला. बोलला तो असा, की मी आजही विचार करतो.

‘‘सातीजण लाजत्यात मला,’’ तो म्हणाला. ‘‘वकीलसाहेब सोडलं तर परतेकाला वाटतंय, पाप त्येचं येकट्याचं हाय. लाजनारा मानूस आज ना उद्या वळतो. पुढल्या साली येखादा वळंल, मग दुसरा. मी अर्ज करनार, तात्याबा. ही गोष्ट ह्या पडद्याच्या भाईर जाऊ द्यायची न्हाय.’’

गोजरबाईनं वाटी जमिनीवर आपटली आणि ती कोंबड्यांकडं निघून गेली. मी शपथ घेतली. पंपावर हात ठेवून घेतली.

पण मला सांगा, अशी गोष्ट माणसाच्या पोटात राहते का? सात शहाणे, सात थापा, काळी बोटं, लुंगी! दुसऱ्या दिवशी सकाळी भवानीनगरचा एक ऊसतोडीचा मुकादम मागचं चाक घेऊन आला. त्याला मी निम्मीच सांगितली. त्यानं पुढची विचारली. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानापुढं वीस-पंचवीस माणसं उभी, आणि मी पंप मारता मारता डॉक्टरांचा आवाज काढून दाखवतोय. लोक पोट धरून हसले. सात जणांना पेठेत फिरणं मुश्कील झालं. पोरं लांबनं बोटं दाखवायची. आठ दिवस इंदापुरात दुसरा विषय नव्हता.

नवव्या दिवशी मंडळाची बैठक झाली, आणि तिथं काय व्हावं? सातही जणांनी आपापली बोटं टेबलावर ठेवली. एकमेकांची बोटं बघितली. आणि मास्तर आधी हसले म्हणे. मग सगळेच. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटे वाईट, आणि निघाले सातही एकाच विचाराचे! मग वाईट कशाचं? एकमतानं झालं ते बरोबरच झालं. करसल्लागारांनी तर सगळ्यांना चहा पाजला. त्या दिवसापासून कुणाला लाज म्हणून राहिली नाही. डॉक्टर झुंबरच्या दुकानावरनं सरळ समोर बघत जायला लागले. इंजिनिअरांची जीप थांबेना. योगिनी मागच्या बाकावर गेली. कवळीवाले तिघंजण बारामतीच्या नव्या दाताच्या डॉक्टरांकडं जाऊन नव्या कवळ्या बसवून आले, आणि जुन्या तिन्ही एका पुडीत बांधून गड्याच्या हाती झुंबरकडं परत पाठवल्या. वापरलेल्या कवळ्या. त्यांचं तो काय करणार?

आणि गावाचं कसं असतं, सात जणांना हसून हसून ते दमलं. मोठ्या माणसांना किती दिवस हसणार? त्यांच्याकडं कामं पडतात. मग जो उरला त्याला हसायला लागलं. ‘सातबिब्ब्या’ हे नाव कुणी काढलं ते मी सांगू शकत नाही, माझ्या दुकानातच निघालं असावं. गिऱ्हाईक कवळी घ्यायला आलं तरी आधी विचारायचं, सातबिब्ब्याचं दुकान ह्येच का? गोजरबाई नळावर गेली की बायका बाजूला व्हायच्या, बिब्बा लागंल म्हणून. पंच्याण्णवच्या अक्षय्यतृतीयेला झुंबरनं अर्ज केला नाही. पावसाच्या आधी त्यानं पाटी उतरवली, हातगाडीवर सामान भरून यष्टी स्टँडला नेलं आणि बारामतीला, जळोचीकडं बिऱ्हाड हलवलं. गाडीच्या चाकात मीच हवा भरून दिली. तो मान खाली घालून दोर आवळत होता, गोजरबाई दुसरीकडं बघत होती. मला वाटलं, घर सोडताना माणसाचं होतंच असं.

मग माझे दात गेले. नव्याण्णव साल. एकदम नाही, पण दोन वर्षांत तोंड मोकळं झालं, आणि दात नसले की सांगणाऱ्याची फार पंचाईत. शब्द फुसकन निघून जातो आणि ऐकणारा हसायच्या जागी हसत नाही. मी दुसऱ्या कुणाकडं जातोय? यष्टीत बसलो आणि जळोचीला झुंबरच्या दारात उतरलो.

एकच खोली होती. पाटी नव्हती. झुंबर पिकला होता, पण हात तसाच, न थरथरणारा. मला ‘या’ म्हणाला. ‘ये’ नाही, ‘या’. खुर्चीवर बसवलं, माझ्या हिरड्यांवरनं बोट फिरवलं, आणि चमच्यासारख्या भांड्यात गुलाबी मसाला कालवून माझ्या तोंडात टाळूपर्यंत दाबला. दहा मिनिटं हलायचं न्हाय, म्हणाला. नाकानं श्वास घ्या.

माझं तोंड गच्च भरलेलं. तो माझी हनुवटी हातात धरून उभा. तेव्हा तो बोलला, आवाज न चढवता, घड्याळाकडं बघत.

‘‘सात रामराम हुते माझे, तात्याबा. लाजंचे का हुईनात, पर माझे हुते. सकाळी दुकान उघडलं की सात मोठी मानसं मला रामराम घालायची. सात बिब्बं मी गिळलं हुतं. तुमी माझं रामराम घालवलंसा.’’

एवढंच. मसाला घट्ट झाला, त्यानं हिसका देऊन तो काढला, उजेडाला धरून माप नीट आलंय का बघितलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यानं पाण्याचा पेला पुढं केला आणि म्हणाला, ‘‘गुळण्या करा.’’

पुढच्या आठवड्यात कवळी तयार. अशी चपखल बसली की काय सांगू, जणू जन्मापासनं माझीच. परत येताना यष्टीत शेजारी लासुर्ण्याचा एक अनोळखी माणूस बसला होता. त्यानं विचारलं, कुठनं आलासा? मी त्याला ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, डॉक्टरांच्या आवाजासकट. एकही शब्द निसटला नाही. तो माणूस असा हसला, असा हसला, की त्याचं उतरायचं गाव मागं राहिलं.